रिकाम्या पोत्यावर अडलेली साखळी

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची हमीभाव खरेदी राज्यातल्या बऱ्याच केंद्रांवर ठप्प झाली. कारण काय, तर बारदाना संपला. माल होता, घेणारा होता, ४,८९२ रुपये भाव जाहीर झालेला होता. नव्हती ती पोती. क्विंटलला पन्नास किलोची दोन, या हिशोबाने दिवसाला ५०० क्विंटल घेणाऱ्या केंद्राला रोज हजार पोती लागतात. ही पोती तागाची, आणि देशातल्या तागाच्या गिरण्या बहुतेक सगळ्या बंगालात, हुगळीच्या काठाला. म्हणजे औसा-निलंग्याकडचा शेतकरी आपल्या सोयाबीनचं माप कधी होणार याची वाट बघतो, तेव्हा त्याची साखळी पार कोलकात्यापर्यंत गेलेली असते.

पुरवठा साखळी चांगली चालते की रखडते, हे कशावर ठरतं? व्यवस्थापनशास्त्रात यासाठी सहा गोष्टी धरतात: गोदामं-कारखान्यांसारख्या जागा, साठा, वाहतूक, माहिती, माल कुणाकडून घ्यायचा हा निर्णय आणि किंमत. आपल्याकडे बोलणं होतं ते मात्र वाहतुकीचंच. रस्ता झाला की प्रश्न सुटला, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. लातूरहून निघालेला ट्रक एका रात्रीत पुण्याला पोचतो. त्यातला माल त्याआधी आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे पडून असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी झाल्या. पण रूळ तर आधीपासूनच होते. खरी धावपळ झाली ती दोन टोकांना: मिरजेत वाघिणी भरायच्या कशा, आणि लातुरात पाणी उतरवून शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायचं कसं.

सोयाबीनमध्ये या सहा गोष्टी एकमेकींत कशा अडकतात ते ओलाव्यात दिसतं. हमीभावाची अट १२ टक्के ओलाव्याची. ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला की दाण्यात १८ टक्केही ओल असते. अशा १०० किलो दाण्यात कोरडा भाग ८२ किलो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन भरतं ९३ किलोच्या आसपास. घट सात किलोची, पण शेतकऱ्याची खरी अडचण वेगळीच. ओला दाणा श्वसन करत राहतो, थप्पी आतून तापते, बुरशी धरते, तेलाची आम्लता वाढते. असा माल ठेवता येत नाही. वाळवायला खळं नाही, ऊन नाही आणि दिवाळी तोंडावर, म्हणून सगळे एकाच आठवड्यात बाजार गाठतात. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली ती याचमुळे.

मग रांग लागते. रांगेचं गणित जरा विचित्र आहे. समजा एका वजनकाट्यावर ट्रॅक्टरमागे सरासरी १० मिनिटं लागतात, म्हणजे तासाला सहा. ट्रॅक्टर ठरावीक वेळ धरून येत नाहीत, कधी एकदम चार, कधी एकही नाही. प्रत्येकाला वेळही सारखा लागत नाही. तासाला सरासरी तीन आले तर रांगेत थांबावं लागतं सुमारे १० मिनिटं. काटा ९० टक्के वेळ गुंतला तर दीड तास. ९५ टक्के गुंतला तर तीन तासांच्या वर! आवक पाच-सहा टक्क्यांनी वाढली आणि थांबणं दुपटीच्या पुढे गेलं. म्हणून ‘काटा एक मिनिटही रिकामा नाही’ ही कौतुकाची नव्हे, काळजीची गोष्ट. या वागण्याचं सूत्र जॉन किंगमन या ब्रिटिश गणितज्ञाने १९६१ मध्ये मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन लिटल यांनी आणखी साधा नियम सिद्ध केला: आवारात एका वेळी असलेली वाहनं म्हणजे तासाची आवक गुणिले प्रत्येकाचे थांबण्याचे तास. तासाला ३० आले आणि प्रत्येक जण चार तास अडकला, तर आवारात १२० वाहनं उभी. जागा वाढवून हा आकडा कमी होत नाही. चार तासांचे दोन केले तर होतो.

माहितीने रांग कमी होईल असं वाटतं, आणि होतेही, पण नेहमी नाही. बाजारातल्या सौद्यात निघालेला चढा भाव मोबाईलवर सगळ्या तालुक्यांत एकदमच पोचतो आणि दुसऱ्या दिवशी आवक तुंबते. भावाबरोबर ‘उद्या किती गाड्या येणार’ हेही कळलं तर ती माहिती कामाची.

गर्दी पुढे ढकलायचा उपाय म्हणजे साठा. बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण योजनेत वाळवलेला माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, सालाना ६ टक्क्यांनी. ४,००० रुपये भाव धरला तर क्विंटलमागे उचल ३,००० आणि सहा महिन्यांचं व्याज ९० रुपये. त्यात गोदामापर्यंतचं भाडं आणि हमाली धरायची. भाव तेवढा चढला तरच थांबणं परवडलं. आणि भावाचा काय भरवसा? २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन १०,००० च्या घरात होतं. केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवा माल बाजारात आला, आणि ऑक्टोबरपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता.