'ट्रॉली खाली कर' मधलं खाली कुठलं?

आपलं 'खाली' सगळ्यांना पाठ आहे. झाडाखाली, मान खाली घाल, त्यावर वेळ घालवत नाही. हिंदीतलं 'खाली' म्हणजे रिकामं, ते अरबीतून फारसीमार्गे आलं, आपल्या खालीशी त्याचं काही नातं नाही, नुसता उच्चार जुळला. पंचवटी एक्सप्रेसमध्ये कोणी 'सीट खाली है?' विचारलं तर आपण सीटखाली वाकून बघत नाही, एवढं कळतं सगळ्यांना.

घोळ होतो तो 'खाली करणे' वर, आणि तो घोळ मी इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकतो. लासलगावला नाहीतर पिंपळगावला कांद्याचा लिलाव झाला, काट्यावर वजन झालं की ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो आणि तिथे आवाज येतो, 'ट्रॉली खाली कर रे!' कांदा वरून खाली पडतो हे डोळ्यांना दिसतं, म्हणून लोक छातीठोकपणे सांगतात की हे आपलंच खाली. अहो नाही! खाली काय करायला सांगितलंय? ट्रॉली. ती कुठे खाली जाते? हायड्रॉलिक असेल तर उलट तिचं तोंड वर उचललं जातं, मागचा फाळका उघडला की कांदा घसरतो आणि ट्रॉली रिकामी होते. म्हणजे हे अरबीवालं खाली. 'करणे' वरून ओळखायला जाऊ नका, 'हात खाली कर' मध्येही करणेच आहे. उलटा शब्द लावून बघा. हात वर कर, ट्रॉली भर. लगेच कळतं.

तबल्यातही हेच. तीनतालाच्या 16 मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला खाली. पोरं तिथे हात खाली न्यायचा असं समजतात. तिथे टाळी नाही, जागा रिकामी, म्हणून खाली. रूपक तालात तर समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, खाली येते, आणि सम काही खालची मात्रा नाही.

आणि 'खालसा' यात ओढू नका, ते 'खालिस' म्हणजे शुद्ध वरून आलंय.

ट्रॉली खाली करणं आता आपलंच झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'खाली हात परतला' मला अजिबात चालत नाही, रिकाम्या हाताने परतला म्हणा ना. परवा आईच्या गोळ्यांच्या पाकिटावर मेडिकलवाल्याने 'खाली पेट' लिहून दिलं होतं. मी ते खोडून 'अनशापोटी' लिहिलं, आई जन्मभर तेच म्हणत आलीये.