ड्रेसिंग बदलताना बर्फाचे गोळे

भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की रुग्ण आधीच अंग आखडून बसतो. वेदनाशामक दिलेलं असतं, तरी चिकटलेली पट्टी ओली करून सोडवायला घेतली की त्याची नजर नर्सच्या बोटांवरून हलत नाही.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात नेमकं हे लक्षच पळवायचं ठरवलं. त्यातून ‘स्नोवर्ल्ड’ हा खेळ तयार झाला. डोळ्यांवर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा, समोर बर्फाळ दरी, आणि पेंग्विन दिसला की मारायचा बर्फाचा गोळा. जखम तीच, पट्टीही तीच, पण रुग्ण वेदना कमी झाल्याचं सांगू लागले. पुढे निरोगी स्वयंसेवकांना सोसेल इतका चटका देऊन, खेळ चालू असताना मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा वेदनेशी संबंधित भागांतली हालचालही मंदावलेली दिसली.

यात जादू नाही. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि ते काही अमर्याद नसतं. शिवाय वेदनेचे संदेश मज्जारज्जूतल्या एका ‘फाटका’तून जातात आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो, अशी कल्पना मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ सालीच मांडली होती. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, त्यामागेही हेच फाटक.

मन रमवणं, संगीत, हलका मसाज, श्वासाचे व्यायाम हे पूरक उपचार नर्सिंगला नवे नाहीत. आजाऱ्याला सलग सुरांची वाद्यं मानवतात, पियानो मात्र त्रास देतो, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. (पियानोवाल्यांनी रागावू नये.) आता हेडफोन लावून ज्याला जे हवं ते ऐकवता येतं.

श्वासाचं उदाहरण मला जास्त आवडतं. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले की ही चढउतार ठळक होते. बोटाला सेन्सर लावला की तिची लाट पडद्यावर दिसते. घाबरलेल्या माणसाला ‘शांत व्हा’ म्हणून कोण शांत झालंय? पण आपल्याच श्वासाने लाट मोठी होताना दिसली, की तो आपणहून पुढचा श्वास लांबवतो.

तरी पडद्यावर आलेखाची रेघ उमटली म्हणून उपचार खरा ठरत नाही. शरीराभोवतीची ‘ऊर्जा’ हातांना जाणवते असं मानणारा ‘थेरप्यूटिक टच’ नर्सिंगमध्ये बराच पसरला होता. एमिली रोझा या शाळकरी मुलीने पुठ्ठ्याच्या पडद्याआडून हा उपचार करणाऱ्या २१ जणांना विचारलं, माझा हात तुमच्या कुठल्या हातावर आहे? २८० पैकी १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे छापा-काट्याहूनही कमी. हे १९९८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

म्हणून मला यातलं सगळ्यात मोलाचं तंत्रज्ञान सगळ्यात कंटाळवाणं वाटतं: उपचाराआधी आणि नंतर शून्य ते दहामधला वेदनेचा आकडा विचारून संगणकावरच्या नोंदीत टाकणं. एकट्या रुग्णाचा आकडा आपोआपही उतरू शकतो. उपचार न मिळालेल्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तरच काही कळतं.

‘स्नोवर्ल्ड’च्या चष्म्याच्याही अडचणी आहेत. काहींना मळमळतं, चेहरा भाजलेला असेल तर चष्मा बांधता येत नाही. आणि तो लावलेल्या रुग्णाला नर्सचे हात दिसत नाहीत. त्यामुळे पट्टीला हात घालण्याआधी तिला सांगावं लागतं, ‘आता कोपराजवळचं सोडवतेय हं.’