अल्ट्रा आणि ट्रेल: एक प्रश्न ‘किती’चा, एक ‘कुठे’चा

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर हल्ली एक वाक्य सारखं कानावर येतं, “हाफ मॅरेथॉन झाली, आता ट्रेल-अल्ट्रा करायचंय.” दोन्ही शब्द इतके चिकटवून बोलले जातात की ती एकच गोष्ट वाटावी. मलाही तसंच वाटायचं आणि त्याची किंमत मी मोजली आहे. ते पुढे सांगतो.

अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब पळणं. पायाखाली काय आहे, याचा तिथे संबंध नाही. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला पळत जाऊन परत आलात तर अंतर पन्नासच्या पुढे जातं. सगळा डांबरी रस्ता, तरी ती अल्ट्राच. स्टेडियमच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर २४ तास फेऱ्या मारणाराही अल्ट्रा रनरच. ट्रेल म्हणजे डांबर सोडून धरलेली वाट. पायवाट, ढोरवाट, कातळ, घसारा म्हणजे सुट्या दगडमातीचा निसरडा उतार, चिखल, काहीही. अंतराची अट नाही. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी गावातून त्याच नावाच्या डोंगराच्या पठारावर जाऊन खाली आलं तर हाफ मॅरेथॉनएवढंही अंतर भरत नाही, पण ट्रेल म्हणून ती अस्सल आहे.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत १९२१ पासून डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या दरम्यान होते. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास आणि वाट डांबरी. म्हणजे अल्ट्रा आहे, ट्रेल नाही. फ्रान्समधल्या शामोनीहून निघणारी, २००३ साली सुरू झालेली यूटीएमबी (अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ ब्लाँ) ही शर्यत मात्र दोन्ही आहे. माँ ब्लाँ या पर्वताच्या भोवतीनं साधारण १७० किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे १०,००० मीटर. आपल्याकडची साताऱ्याची हिल मॅरेथॉन घाटातली म्हणून अनेक जण तिला ट्रेल म्हणतात. ती डांबरावरची २१ किलोमीटरची शर्यत आहे, म्हणजे दोन्हींपैकी एकही नाही.

व्याख्या एवढ्याच. माणसं तिकडे ओढली का जातात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण दोन्हींची ओढ वेगळी आहे.

अल्ट्राची ओढ वेळेची आहे. दहा किलोमीटर पळताना आपण घड्याळाशी भांडत असतो. साठ किलोमीटरच्या वाटेवर पहिल्या दोन-तीन तासांतच ते भांडण मिटतं. चढ आला की चालायचं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पळताना साधारण तीसेक किलोमीटरनंतर शरीरात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत येतो. तिथून पुढे पोटात काय जातंय यावर सगळं ठरतं. राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, चिक्की, लिंबू सरबत. नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून अनुभवी लोक ‘किती पळालास’च्या आधी ‘काय खाल्लंस’ विचारतात. अशा सहा-सात तासांत शेजारून पळणारा अनोळखी माणूस घरच्या गोष्टी सांगू लागतो. दमल्यावर आडपडदा राहत नाही. कॉम्रेड्समध्ये बारा तास भरले की एक पदाधिकारी शेवटच्या रेषेवर धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर एक सेकंद उशिरा आलेल्यालाही पदक नाही. तो बार निघण्याआधी, अनोळखी माणसाला खांद्याचा आधार देत रेषेकडे आणणारे लोक मला विजेत्याइतकेच थोर वाटतात.

ट्रेलची ओढ लक्षाची आहे. पुढचं पाऊल कुठे टाकायचं, एवढंच डोक्यात उरतं. रस्त्यावर पळताना ऑफिसचे हिशेब मनात चालू राहतात. ओल्या कातळावर ते चालू ठेवलेत, तर पाय मुरगळलाच म्हणून समजा. पेसला, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली याला, तिथे अर्थ नसतो. चढावर किलोमीटरला पंधरा-वीस मिनिटं लागली तरी छाती भरून येते.

आता किंमत सांगतो. त्र्यंबक रोडवर महिनोन्‌महिने लाँग रन केल्यावर मी अंजनेरी गृहीत धरली. चढ निभला. उतरताना घसाऱ्यावर मांड्या अशा थरथरू लागल्या की शेवटचा भाग बसत-सरकत उतरलो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि सपाट रस्त्यावर त्यांना ती सवय लागत नाही. घोट्याचंही तसंच. माझा दम पुरेसा होता, पाय तयार नव्हते. उलटही घडतं. दर रविवारी गड चढणारा काटक माणूस डांबरावर चाळिसाव्या किलोमीटरला हतबल होतो, कारण एकच पाऊल एकाच पद्धतीनं हजारो वेळा टाकायची त्याला सवय नसते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आधी लहान ट्रेल करा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून उतरायला लागा, उतरण्याकडे जास्त लक्ष द्या. मग अंजनेरी. अल्ट्राचा विचार त्यानंतर, आणि पहिली अल्ट्रा शक्यतो रस्त्यावर. दोन्ही नवख्या गोष्टी एकाच दिवशी अंगावर घेऊ नका.

आपल्याकडे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणारे कित्येक जण अनवाणी असतात. घड्याळ नाही, पदक नाही. लांब चालत राहण्याची आणि डोंगराभोवती असण्याची, अशा दोन्ही ओढी तिथे एकाच माणसात दिसतात. नाशिककराला हे वेड नवं नाही, बूट तेवढे नवे आहेत.

अंजनेरीला पावसाळ्यात जाणार असाल तर एक विनंती. वाट चिखलानं भरली की कडेच्या गवतातून पळायचा मोह होतो. या डोंगराच्या नावानंच ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात त्याच सुमारास तिथे फुललेली असते. बूट भरू द्या, चिखलातूनच जा.