हालचाल, विराम आणि ध्यान : ‘आवर्तन ध्याना’मागचे शरीरशास्त्र

ध्यानाला बसणाऱ्या बहुतेकांची तक्रार दोनांपैकी एक असते. मन भलतीकडेच धावत राहते, नाही तर डोळे मिटून थोडा वेळ होतो न होतो तोच डुलकी लागते. मांडूक्य उपनिषदावरील कारिकांमध्ये, म्हणजे श्लोकरूप विवरणात, गौडपादाचार्यांनी या दोन्ही अडचणींचा विचार एकाच ओळीत केला आहे : ‘लये संबोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः’. चित्त सुस्तीत बुडू लागले तर त्याला जागे करावे आणि ते विखुरले तर पुन्हा शांत करावे, असा तिचा अर्थ. चित्त एकदा समस्थितीला पोहोचले की मग त्याला हलवू नये, असे याच श्लोकात पुढे म्हटले आहे. बेंगळुरूच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाचे डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी या श्लोकाच्या आधारे एक साधना बांधली. ती ‘सायक्लिक मेडिटेशन’ किंवा ‘आवर्तन ध्यान’ या नावाने ओळखली जाते.

संशोधनात वापरलेला तिचा क्रम साधारण साडेबावीस मिनिटांचा आहे. डोळे सुरुवातीपासून मिटलेले असतात. श्लोक म्हटल्यावर सर्वांगाचे स्नायू जागच्या जागी घट्ट आवळून मग सैल सोडायचे आणि पाठीवर पडून विसावा घ्यायचा. त्यानंतर डाव्या कुशीवरून सावकाश उठून ताडासनात उभे राहायचे आणि शरीराचा भार दोन्ही पावलांवर सारखा आणायचा. त्यानंतर आधी उजवीकडे आणि मग डावीकडे झुकून अर्धकटिचक्रासन, पुढे वाकून पादहस्तासन, मागे झुकून अर्धचक्रासन आणि शेवटी पुन्हा शवासन. प्रत्येक आसनानंतर सुमारे सत्तर सेकंद केवळ उभे राहून शरीरात काय चालले आहे ते पाहायचे असते. माझ्या मते या साधनेचा प्राण या सत्तर सेकंदांतच आहे, कारण आसनाने जे जागे केले ते तिथे शांतपणे न्याहाळता येते.

योगक्रिया उपकरणांनी तपासण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान (पोट आत ओढून धरणे) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) करताना पोटातील दाबात होणारे बदल मोजले होते आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून असे प्रयोग प्रसिद्ध केले होते. बेंगळुरूला योगसंशोधक डॉ. शर्ली टेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच मार्ग पुढे नेऊन एक नेमका प्रश्न विचारला : तेवढाच वेळ नुसते शवासनात पडून राहिले तर जी विश्रांती मिळते, ती आणि हालचाल मिसळलेल्या ध्यानाने मिळणारी विश्रांती सारखीच असते का?

सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० पुरुषांच्या शरीराने वापरलेला ऑक्सिजन मोजण्यात आला. शवासनानंतर हा वापर आधीपेक्षा १०.१ टक्क्यांनी घटला, तर आवर्तन ध्यानानंतर ३२.१ टक्क्यांनी. पुढे २००६ मध्ये ५० जणांवर झालेल्या अभ्यासात साधना चालू असतानाही मोजणी केली गेली. आसनाच्या टप्प्यात ऑक्सिजनचा वापर अपेक्षेप्रमाणे वाढत होता, विरामात तो मूळ पातळीवर येत होता आणि सगळी साधना संपल्यावर त्या पातळीच्या खाली, १९.३ टक्क्यांनी उतरत होता. शवासनानंतरची घट ४.८ टक्के होती. दोन अभ्यासांतील आकड्यांमध्ये इतका फरक असल्यामुळे नेमक्या टक्केवारीवर फार विसंबू नये, पण दोन्ही वेळा कल एकाच बाजूला आहे. मध्येच स्नायूंना काम दिले, तेव्हाच शरीर शेवटी अधिक निवांत झाले.

ही निवांतता म्हणजे निव्वळ गुंगी असेल, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर २००७ मधील एका चाचणीतून मिळते. अक्षरांच्या लांबलचक ओळींमधून ठरावीक अक्षरे शोधून खोडण्याचे काम ६९ जणांना देण्यात आले, तेव्हा आवर्तन ध्यानानंतर त्यांचे गुण २४.९ टक्क्यांनी आणि शवासनानंतर १३.६ टक्क्यांनी वाढले. शरीर मंदावले असताना लक्ष मात्र तल्लख झाले होते, आणि सुस्तीही नको, विखुरलेपणही नको या गौडपादाचार्यांच्या अपेक्षेशी हे चांगले जुळते.

हे कसे घडत असावे? पहिला धागा ताडासनात सापडतो. उभे असताना तोल सांभाळण्यासाठी मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो : डोळे, आतील कानातील तोलाचे इंद्रिय, आणि स्नायू, सांधे व तळपाय यांतील ताण-दाबाचे संवेदक. आपण कितीही स्थिर उभे राहिलो तरी शरीर सतत किंचित झुलत असते आणि डोळे मिटल्यावर हे झुलणे वाढते. दृष्टीचा आधार गेल्यामुळे मेंदूला घोटे आणि तळपाय यांच्याकडून येणाऱ्या संदेशांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. एरवी ज्याची जाणीवही होत नाही ते तळव्यांवरचे दाबाचे सरकणे आता स्पष्ट कळू लागते, आणि भटकणाऱ्या मनाला धरून राहण्याजोगे काही तरी मिळते. शिवाय उभ्याने डुलकी लागणे अवघड असते.

दुसरा धागा रक्ताभिसरणाचा आहे. मानेतील मुख्य धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत रक्तदाब जोखणारे संवेदक असतात. पादहस्तासनात डोके हृदयाच्या खाली गेले की मानेतील दाब वाढतो, त्याची खबर मेंदूला पोहोचते आणि मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या ‘व्हेगस’ या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती कमी केली जाते. उठून उभे राहताच रक्त पायांकडे ओसरते, दाब घटतो आणि काही सेकंदांत ठोके वाढतात. शांत बसलेल्या माणसाला नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके मोजायला सांगितले, तर बहुतेकांची मोजणी बरीच चुकते, कारण तो संदेश फार क्षीण असतो. शारीरिक श्रमानंतर तो ओळखणे सोपे जाते. सावकाश वाकणे आणि उठणे यांमुळे आतील हे संदेश ठळक होतात आणि लगेच येणाऱ्या विरामात ते हळूहळू ओसरताना अनुभवता येतात. शरीराच्या आतून येणाऱ्या अशा संदेशांची दखल घेण्यात मेंदूच्या ‘इन्सुला’ या भागाचा मोठा वाटा असतो.

सुरुवातीला स्नायू आवळून सोडण्यामागचे तत्त्व अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या विश्रांतीच्या पद्धतीतही दिसते. ताण नेमका कसा असतो हे कळले, तरच तो सुटल्याचे कळते.

हालचाल आणि स्थिरता यांची अशी गुंफण इतर परंपरांमध्येही आढळते. इगतपुरीच्या शिबिरांमुळे आपल्याला परिचित असलेल्या विपश्यनेत साधना मुख्यतः बसून होते, पण म्यानमारमधील बौद्ध भिक्षू महासी सयाडो यांच्या पद्धतीत बसण्याच्या प्रत्येक सत्राला सावकाश चालण्याच्या सत्राची जोड असते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमातही बैठे ध्यान, पडून शरीरभर लक्ष फिरवणे आणि सजगपणे केलेली योगासने असे तीन घटक आहेत. हे घटक वेगवेगळे करून १४१ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक स्वास्थ्यातील वाढ योगासनांच्या गटात सर्वांत जास्त दिसली; भावना सावरण्याची अडचण मात्र योगासने आणि बैठे ध्यान या दोन्ही गटांत शरीरभर लक्ष फिरवणाऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाली. घटकांचे काम थोडे वेगवेगळे असावे असे यावरून वाटते, आणि म्हणूनच त्यांना एकत्र आणण्याला अर्थ आहे.

या पुराव्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. बेंगळुरूच्या या प्रयोगांतील सहभागी पुरुष होते आणि मोजलेले परिणाम साधनेनंतर लगेचचे होते. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणती हे लपवता येते, तशी सोय इथे नाही. आपण काय करत आहोत हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि त्याच्या अपेक्षांचाही परिणाम होतो. त्यामुळे एखादा आजार यातून बरा होतो, असा दावा या अभ्यासांच्या बळावर करता येणार नाही.

घरी करून पाहायचे असेल तर आसनांची संख्या वाढवण्यापेक्षा वेग कमी करणे आणि मधले विराम न गाळणे महत्त्वाचे आहे. घाईने केलेल्या आसनांनंतर दमच अधिक जाणवतो आणि सूक्ष्म संवेदना त्याखाली झाकल्या जातात. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत, कारण अशा स्थितीत डोळ्यांतील दाब अल्पावधीत वाढतो. उच्च रक्तदाब, चक्कर किंवा कण्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ज्येष्ठांनी डोळे मिटून उभे राहताना भिंत किंवा खुर्ची हाताशी ठेवावी, आणि तोल जातो आहे असे वाटले तर डोळे निःसंकोच उघडावेत. उभे राहणे शक्यच नसेल, तर खुर्चीत बसून हात अगदी सावकाश वर नेणे, खाली आणणे आणि मग मिनिटभर तळहातांकडे लक्ष देत थांबणे, एवढ्यानेही सुरुवात करता येते.