एक बाटली पाणी म्हणजे तलाव नव्हे

विज्ञान स्पर्धांमध्ये नद्या-तलावांवरचे प्रकल्प नेहमीच असतात आणि त्यातले बरेचसे एकाच साच्यातले असतात. एके दिवशी जायचं, बाटलीभर पाणी आणायचं, पट्टी बुडवून सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्क आहे ते) बघायचा, दोन-चार तक्ते रंगवायचे आणि ‘पाणी प्रदूषित आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं. परीक्षकांनी विचारलं, ‘बाटली किती वाजता भरली?’ की पंचाईत होते. प्रश्न खवचट वाटतो, पण सगळी गोम त्यातच आहे.

हिरव्या दिसणाऱ्या तलावात सूक्ष्म शैवाल भरपूर असतं. उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. कार्बन डायऑक्साइड घटला की आम्लता उतरते आणि सामू चढतो. सकाळी ७.५ असलेला सामू अशा तलावात दुपारी ९.० पर्यंत जाऊ शकतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन मात्र सगळ्यांचंच चालू राहतं. शैवालाचं, माशांचं, तळाच्या गाळातल्या जिवाणूंचं. त्यामुळे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या जरा आधी. सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले की कुणीतरी विष टाकलं अशी आवई उठते. पुष्कळदा कारण रात्री संपलेला ऑक्सिजन हेच असतं. दुपारी तीनला मोजणाऱ्याला हाच तलाव ठणठणीत वाटेल.

ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी तापमानाचा आकडा नसेल तर तो जवळपास निरुपयोगी. ० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना जेमतेम ७.५. म्हणजे गरम पाण्यात ७ मिलिग्रॅम ही चांगली स्थिती आहे, थंडगार पाण्यात तोच आकडा काळजीचा. खोलीचंही तसंच. ऊन तापलं की वरचं पाणी हलकं होऊन वरच राहतं, खालचं थंड पाणी त्याच्यात मिसळत नाही आणि तळाशी ऑक्सिजन संपत जातो. काठावरून ओंजळभर घेतलेल्या पाण्याला त्याची खबर नसते.

महागडी उपकरणं नसली तरी अडत नाही. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आज तलावांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची तबकडी वापरतात. जाड प्लास्टिकची कापून रंगवा, खाली वजन बांधा, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करा. तबकडी सोडत जायचं; दिसेनाशी झाली की दोरीची लांबी लिहायची. आणखी थोडी खाली सोडून वर ओढायची आणि पुन्हा दिसू लागली की तीही लांबी लिहायची. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमचं माप. सावलीच्या बाजूने बघायचं, नाहीतर पाण्यावरची चमक फसवते. माणूस मात्र दर वेळी तोच हवा, कारण प्रत्येकाची नजर वेगळी.

नदीवर काम करणाऱ्यांनी आधी पाणी किती वाहतंय ते मोजावं. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेकजण टाळतात. दहा मीटरचं सरळ पात्र निवडून अर्धवट बुडेल असं काहीतरी प्रवाहात सोडा आणि वेळ लावा. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून तो साधारण ०.८५ ने गुणतात. मग पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने. समजा सेकंदाला १ घनमीटर पाणी वाहतंय आणि त्यात लिटरला २ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. ऐकायला क्षुल्लक! पण १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणजे सेकंदाला २ ग्रॅम आणि दिवसाला जवळजवळ १७३ किलो. हा आकडा तक्त्यावर लिहिला की नदी काय वाहून नेते ते दिसतं. (पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा ओढ असेल तर आत उतरायचं नाही, आणि एकट्याने तर कधीच नाही.)

उथळ पाण्यातला एखादा दगड उलटून बघा. पोटाच्या कडेला कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेली चपटी पिल्लं दगडाला चिकटलेली दिसली तर ती मेफ्लाय या कीटकाची. वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेल्या नळीत कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाची अळी राहते. बहुतेक मेफ्लाय-कॅडिसफ्लायना ऑक्सिजन कमी झालेला सोसत नाही. त्यांच्याऐवजी गाळात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील, तर त्या हिमोग्लोबिनच्या जोरावर तगून आहेत. बाटली त्या क्षणाचं सांगते. हे जीव गेल्या अनेक आठवड्यांचं सांगतात.

आता तुलनेविषयी. कॅनडातल्या ‘तलाव २२६’ या तलावाच्या अरुंद भागात १९७३ मध्ये तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एकात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात ते दोन्ही आणि शिवाय फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग शैवालाने हिरवागार झाला, पलीकडचा झाला नाही. विमानातून घेतलेल्या एका फोटोने पानभर आकडेमोडीचं काम केलं.

तुम्हाला तलाव कापता येणार नाही, पण बरण्या मांडता येतात. एकाच तलावाचं पाणी, चार प्रकार : नुसतं पाणी, नायट्रेट (नायट्रोजनसाठी) घातलेलं, फॉस्फेट (फॉस्फरससाठी) घातलेलं आणि दोन्ही घातलेलं. प्रत्येक प्रकाराच्या तीन-तीन बरण्या, सगळ्यांना सारखाच उजेड, रोज एकाच वेळी फोटो, आणि दोन आठवडे धीर. पाणी नंतर तलावात ओतायचं नाही. एखादवेळी काहीच न घातलेली बरणीही हिरवी होते आणि गटाचे चेहरे पडतात. तसं झालं तर ती बरणी लपवू नका, तक्त्यावर सगळ्यात वर तिचाच फोटो लावा : तलावातून आणलं तेव्हाच त्या पाण्यात शैवालाला पुरेसं खत होतं का, हा तुमचा पुढचा प्रश्न.