जीन काढला खरा, पण उंदीर कुठला?

टाइप १ डायबेटिसचा सगळ्यात जास्त वापरला गेलेला उंदीर मोतीबिंदूच्या कामातून निघालाय. जपानमध्ये शिओनोगी औषध कंपनीच्या लॅबमध्ये मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांची पैदास चालली होती, त्यातून उपाशीपोटी साखर जास्त असणारे एकीकडे आणि नॉर्मलवाले दुसरीकडे असे दोन वंश वेगळे काढत होते, आणि १९७४ मध्ये खरा डायबेटिस झाला तो नॉर्मलवाल्यांतल्या एका मादीला! लघवीतून भरपूर साखर जायला लागली, वजन भराभर उतरलं. तिच्याच पिलावळीतून नॉड (नॉन-ओबीज डायबेटिक, म्हणजे लठ्ठ नसूनही डायबेटिस होणारा) उंदीर तयार झाला, माकिनो आणि मंडळींनी १९८० मध्ये पेपर छापला. ह्याच्या टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या) स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उठतात, बरंचसं आपल्या टाइप १ सारखं, फक्त इथे माद्यांना जास्त होतो.

जीन काढायची कला तिकडे वेगळीच शिजत होती. इव्हान्स आणि कॉफमननी १९८१ मध्ये केंब्रिजला उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम सेल्स वाढवल्या, अमेरिकेत कॅपेकी आणि स्मिथीजनी हवा तोच जीन बदलायची युक्ती काढली, १९८९ पर्यंत नॉकआउट, म्हणजे एखादा जीन काढून टाकलेला, उंदीर हजर, २००७ मध्ये इव्हान्स, कॅपेकी, स्मिथीज तिघांना नोबेल.

मेटाबॉलिझमवाल्यांनी ते लगेच उचललं. १९९६ मध्ये इन्सुलिन रिसेप्टर (पेशीवर इन्सुलिन जिथे चिकटतं ते प्रथिन) अख्ख्या शरीरातून काढून बघितला तर पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांतच कीटोअॅसिडोसिसने, म्हणजे इन्सुलिनचं काम बंद पडून रक्त आम्ल झाल्याने, मेली, म्हणजे शिकायला काही उरलंच नाही. मग क्रे-लॉक्स (ठरावीक पेशींतच जीन कापायची युक्ती) वापरून एकेका अवयवातूनच काढायला लागले. बॉस्टनला जॉस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये रोनाल्ड कान यांच्या लॅबने १९९८ मध्ये फक्त स्नायूंतला काढला, सगळ्यांना वाटलं आता साखर चढणार, पण ती नॉर्मलच राहिली, वाढली ती रक्तातली चरबी. पुढच्या वर्षी बीटा पेशींतला काढला (पेपरवर पहिलं नाव रोहित कुलकर्णी, आडनाव बघून आपण जरा थांबतोच) तर ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिनचा जो पहिला झटका यायला हवा तो गायब, अगदी टाइप २ सारखा.

ऑटोइम्युनवाल्यांची, म्हणजे शरीर स्वतःवरच का उठतं ते नॉडमध्ये शोधणाऱ्यांची, मात्र चांगलीच पंचाईत झाली. नॉकआउट ज्यांतून बनवतात त्या स्टेम सेल्स बहुतेक १२९ नावाच्या वंशाच्या, त्या उंदराला हा आजार होत नाही, मग नॉकआउट तिकडे बनवायचा आणि दहाएक पिढ्या नॉडशी संकर करत आणायचा, ह्यात वर्षं जातात ती जातातच, वर काढलेल्या जीनच्या आजूबाजूचा १२९ चा तुकडा बिनतिकीट सोबत येतो. उंदीर डायबेटिसपासून वाचला तर श्रेय जीन काढण्याचं की त्या तुकड्याचं? माझ्या मते त्या काळातले पेपर वाचताना हा प्रश्न आधी विचारावा. क्रिस्पर ही जीन कापायची नवी पद्धत आल्यावर, २०१३ नंतर, नॉडच्या फलित अंड्यातच कात्री चालवता येते, त्यामुळे हे लचांड बरंच सुटलं.

तरी त्या जुन्या पद्धतीनेही एक भारी गोष्ट हाती लागली. उंदराला इन्सुलिनचे दोन जीन असतात. २००३ मध्ये दिसलं की नॉडमधून पहिला काढला तर बहुतेक उंदीर वाचतात आणि दुसरा काढला तर आजार उलट लवकर येतो, कारण थायमसमध्ये (टी पेशी जिथे तयार होतात ती छातीतली ग्रंथी) टी पेशींना 'हे आपलंच आहे' असं शिकवायचं काम मुख्यतः दुसऱ्याचं. २००५ मध्ये डेन्व्हरच्या आयझेनबार्थ यांच्या गटाने दोन्ही काढले आणि जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं इन्सुलिन घातलं, उंदरांना डायबेटिस झालाच नाही. माणसात हा जीन एकच आहे, त्यामुळे असा काढ-घालीचा खेळ उंदरातच जमतो.