जुन्या फुटी खेळाडूची फ्रेम करताय? पट्टीवरची वर्षं आधी तपासा

नमस्कार मंडळी. मेलबर्नमधे आमच्याकडे जुन्या फुटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल) फोटोंच्या फ्रेम करायला आपली मराठी माणसं बरीच येतात, कुणाला बॉसच्या रिटायरमेंटला द्यायची असते, कुणाची मुलं इथेच वाढून रिचमंड क्लबची कट्टर फॅन झालेली असतात. फोटो छान निवडता तुम्ही. घोळ होतो तो खालच्या पितळी पट्टीत, आणि दरवेळी एकाच जागी. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेकॉर्डमधे गॅप दिसली की सरळ 'युद्धामुळे खेळ थांबला' असं लिहून देता.

डॅन मिनोगचंच बघा. 1911 ते 1916 कॉलिंगवूड, तिथे कॅप्टनसुद्धा, आणि मग एकदम 1920 ला रिचमंड. मधली तीन वर्षं कोरी, म्हणून '1917-1919 युद्धात' असं लिहून येतं. 1917 आणि 1918 बरोबर आहे, तो सैन्यात होता. पण 1919 चा सीझन युद्धाने नाही खाल्ला, क्लिअरन्सने खाल्ला, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे जायला जुन्या क्लबची लागणारी परवानगी! परत आल्यावर त्याला दोस्त ह्यूई जेम्सच्या रिचमंडकडून खेळायचं होतं, कॉलिंगवूडने सोडलं नाही, गडी वर्षभर बाहेर बसला. मग 1920 ला कॅप्टन-कोच म्हणून फायनलमधे त्याच कॉलिंगवूडला 52-35 ने हरवलं, 1921 ला परत कप. एवढी जबरदस्त गोष्ट आणि आपण ती चुकीच्या वर्षाखाली पुरायची, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे गॅप आहे म्हणजे माणूस आघाडीवरच होता असंही नाही. 1916 ला लीगमधे (तेव्हाची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) फक्त चारच क्लब खेळले, कार्लटन, कॉलिंगवूड, फिट्झरॉय आणि रिचमंड, त्यामुळे मेलबर्न किंवा एसेंडनचा खेळाडू घरी असला तरी त्याच्या नावापुढे त्या वर्षी त्या क्लबची मॅच दिसणारच नाही. आणि 28 ऑक्टोबर 1916 ला लंडनमधे सैनिकांची जी मॅच झाली, मिनोग तीत होता, साउथ मेलबर्नचा ब्रूस स्लॉस एका टीमचा कॅप्टन होता (बिचारा जानेवारी 1917 मधे फ्रान्समधे मारला गेला), ती प्रदर्शनी मॅच आहे, लीगच्या आकड्यात मिळवू नका.

काहींना वाटतं आम्ही प्रूफवर, म्हणजे कोरण्याआधीच्या मजकुराच्या नमुन्यावर, सही घेण्यात उगाच वेळ घालवतो. पण पितळेवर कोरलेलं खोडता येत नाही हो, एक वर्ष चुकलं की नवी पट्टी, परत रांग, आणि पार्टीची तारीख निघून जाते. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर सैनिकांची रेकॉर्ड्स फुकट बघता येतात, भरतीचं पान प्रिंट करून आणा. जमत नसेल तर फक्त खेळाडूचं नाव आणि क्लब सांगा, वर्षं आम्ही तपासून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

मिनोगसाठी आम्ही जोड-माउंट करतो, डावीकडे कॉलिंगवूडचं काळं-पांढरं, उजवीकडे रिचमंडचं पिवळं-काळं, मधे बारीक खाकी पट्टी. दुकानात लावलेलं आहे, बघून जा. सप्टेंबरमधे फायनल्सची गर्दी असते तेव्हा मजकूर ऑगस्टमधेच दिलात तर बरं.